दोन नंबरच्या मशीनची हिस्टरी

अठ्ठ्याण्णव साली मी सांगलीत, विश्रामबागेतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागलो. डिप्लोमा झाला होता, नोकरी लागत नव्हती, आणि क्लास चालवणाऱ्या सरांना कमी पगारात टिकेल असा माणूस हवा होता. एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. लग्नाच्या दिवशी खालून सनईची कॅसेट आणि भज्यांचा वास वर यायचा, आणि फाइल सेव्ह कशी करायची ते मी मुलांना ओरडून सांगायचो.

चार मशीन होत्या. त्यांतल्या दोन नंबरच्या मशीनला मोडेम होता आणि तिच्यावर इंटरनेट चालायचं. बाहेरचे लोकही मेल बघायला यायचे, दारातल्या वहीत नाव आणि वेळ लिहून बसायचे. लाइन लागताना मोडेम जो चिरका आवाज करायचा तो ऐकून नवीन माणूस दचकून माझ्याकडे बघायचा. मला ते आवडायचं. त्या खोलीत सगळ्यात जास्त कळणारा माणूस मी होतो, आणि चोविसाव्या वर्षी ही गोष्ट डोक्यात फार जागा व्यापते.

फौजी माझ्यानंतर दोन-तीन महिन्यांनी आले. सैन्यात सिग्नलमध्ये सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून ते घरी परतले होते. गाव कराडच्या अलीकडे, मलकापूरजवळ. घरी ऊस होता, पण शेती थोरला भाऊ बघायचा. फौजींना तारा, सोल्डर, मीटर यांतच रस होता. बंद पडलेले मॉनिटर आणि यूपीएस दुरुस्त करायला सरांनी त्यांना ठेवून घेतलं. सांगलीत त्यांनी एक खोली भाड्यानं घेतली होती. शनिवारी संध्याकाळी एसटीनं गावी जायचे, सोमवारी सकाळी परत. गावी बायको आणि नऊ वर्षांची मुलगी होती.

त्यांच्याशी माझं पहिल्या दिवसापासून जमलं. मी त्यांना नावानं कधीच हाक मारली नाही, नुसतं फौजी म्हणायचो. ते मला गड्या म्हणायचे. चहा आला की आमचे वाद सुरू व्हायचे. सरांच्या क्लासमधलं सगळं सॉफ्टवेअर पुण्याहून आणलेल्या एका चोरीच्या सीडीवरून चढवलेलं होतं. सरांना त्याचं काही वाटत नसे. ते म्हणायचे, "अख्खी सांगली कॉपीवरच चालते. कंपनीला काय कमी पडणार आहे?" माझं मत सरांच्या जवळपासचंच होतं. काम झाल्याशी मतलब. इंटरनेट बघायला दोन नंबरच्या मशीनवर दोन ब्राउझर होते, एक निळ्या ई अक्षराचा आणि एक जहाजाच्या चाकाच्या चित्राचा. मी निळ्याचा माणूस. तो लवकर उघडायचा, आणि पत्त्याचं एक अक्षर टाइप केलं की आधी बघितलेले पत्ते खाली यादीत दाखवायचा. तेवढंच टाइपिंग वाचतं, असं मी विद्यार्थ्यांना कौतुकानं सांगायचो.

फौजींना या दोन्हींचं प्रेम नव्हतं. एका मासिकासोबत लिनक्सची सीडी आली होती, फुकटची सिस्टिम, जिचा आतला प्रोग्रॅम कुणालाही बघता येतो. ती त्यांनी चार नंबरच्या मशीनवर तीन दिवस खपून चढवली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, बाकी काही नाही. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "याचे पैसे पोरं देणार नाहीत."

मी फौजींना विचारलं, "एवढी खटपट कशासाठी?"

"आतलं बघाया मिळतंय न्हवं," ते म्हणाले. "सतरा वर्सं आमी सेट उघडून दुरुस्त केलं. बंद डबा माझ्या हाताला बरा वाटत न्हाई."

"पण आत बघून करणार काय? तुम्हाला प्रोग्रॅमिंग कुठं येतं?"

"न्हाई येत. पर ज्याला येतंय त्यो तरी बघू शकतोय."

मी हसलो होतो. मला ते गावाकडच्या माणसाचं भाबडेपण वाटलं.

त्यांच्या लिनक्सवर इंटरनेट मात्र चालेना. आमचा मोडेम म्हणजे मशीनच्या आत बसवायचं स्वस्तातलं कार्ड होतं, आणि ते लिनक्सला ओळखता येत नव्हतं. फौजींनी कार्ड काढून चार नंबरला लावून बघितलं, त्या मासिकाला पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. शेवटी कार्ड परत दोन नंबरला गेलं. म्हणजे कुणालाही इंटरनेट बघायचं असेल तर दोन नंबरच्या मशीनवर, माझ्या निळ्या ब्राउझरमधूनच बघायचं. जहाजाच्या चाकाचा तोवर बंद पडला होता आणि मी तो काढूनच टाकला होता.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात फौजी वाळायला लागले. पट्ट्याला त्यांनी खिळ्यानं नवीन भोक पाडलं. खोकला जात नव्हता. विचारलं की म्हणायचे, "सांगलीचं पानी मानवत न्हाई रं." एकदा दोन दिवस सुट्टी घेऊन मिरजेला दवाखान्यात जाऊन आले. रक्त तपासायला दिलंय, एवढंच बोलले. त्यानंतर त्यांचे चहाच्या वेळचे वाद कमी झाले, ते माझ्या लक्षात आलं होतं. मी त्याचा अर्थ लावायला गेलो नाही.

दुपारी दीडला सर घरी जेवायला जायचे आणि झोप काढून चारला यायचे. मी खानावळीत जायचो. फौजी क्लासमध्येच डबा खायचे आणि दार आतून लावून घ्यायचे. अडीचला मी परत येईपर्यंत क्लासमध्ये ते एकटेच.

जूनमध्ये एक दिवस इंजिनिअरिंगची एक मुलगी मेल बघायला आली. दोन मिनिटांत उठली आणि सरांपाशी जाऊन हलक्या आवाजात म्हणाली, "सर, मला त्या मशीनवर नाही बसायचं. त्यात काहीतरी घाण पत्ते येतायत." तिला पैसे परत देऊन सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चेहरा उतरला होता. मुली यायच्या बंद झाल्या तर क्लास बसणार, ही त्यांची भीती खरी होती.

"कोण बघतंय हे असलं? कळेल का तुला?"

"कळेल की," मी म्हणालो. "सगळं लिहून ठेवलेलं असतं त्यात."

दोन नंबरवर बसून मी हिस्टरी उघडली. घाण म्हणावं असं काही त्यात नव्हतं. पत्त्यांत ‘सेक्स’ हा शब्द होता, पण पुढे जाऊन बघितलं तर ती सगळी एका रोगाची माहिती होती. एड्स. कसा होतो, कशानं होत नाही, औषधं कुठवर आलीत, बायकोला झाला आहे का हे कसं कळतं, मुलांचं काय. तीन आठवड्यांची पानं होती. खरं तर मी तिथंच थांबायला हवं होतं. आजारी माणूस वाचतोय, कुणाची तक्रार करण्यासारखं काही नाही, एवढं सरांना सांगून सगळं पुसून टाकता आलं असतं. पुसायला अर्धं मिनिट लागतं. पण मी सरांना ‘कळेल’ म्हटलं होतं. आणि मला ते शोधण्यात मजा येत होती, हेही लिहायला हवं.

एकेका पानावर उजवं बटण दाबलं की ते शेवटचं कधी बघितलं याची तारीख आणि वेळ दिसायची. मी दारातली वही आणली आणि वेळा ताडून बघितल्या. एकही नाव जुळेना. सगळ्या वेळा पावणेदोन ते सव्वादोनच्या मधल्या, आणि रविवार सोडून. मी केबिनमध्ये गेलो आणि हुशार विद्यार्थी गणिताचं उत्तर सांगतो तसं सांगितलं, "घाण काही नाही, सर, एड्सची माहिती आहे. आणि वाचणारं बाहेरचं कुणी नाही. दुपारी दीड ते अडीच. तेव्हा आत फक्त फौजी असतात."

वाक्य संपता संपता मला कळलं मी काय बोललो ते. सरांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "नक्की एड्सच आहे?"

"त्याची माहिती वाचलीय, एवढंच."

"माहिती कोण वाचतं उगाच? आणि वाळलाय किती तो." सरांनी टेबलावरचा कप उचलून बघितला आणि परत ठेवला. "आपण सगळे एकाच कपातनं चहा पितो रे."

त्यावर मी म्हणालो, "कपानं होत नाही, सर." हे मी नुकतंच, फौजींनी वाचलेल्याच पानावर वाचलं होतं. सरांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी चहा आला तेव्हा फौजींसाठी वेगळा, हिरव्या काठाचा कप होता. फौजींनी तो हातात घेऊन एकदा बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि चहा प्यायले. मी माझा कप उचलला नाही. ‘कपानं होत नाही’ हे मला पाठ होतं, तरी त्या दिवशी मी चहा घेतलाच नाही. पोट बरं नाही असं काहीतरी बोललो.

आठवड्याच्या शेवटी सरांनी त्यांना केबिनमध्ये घेतलं. दार लावलेलं नव्हतं. मी बाहेर मुलांना मशीनवर टेबल आखायला शिकवत होतो.

सर म्हणाले, "काम तसं कमीच आहे सध्या. तुम्ही घरी आराम करा. बरं वाटलं की बघू."

फौजी म्हणाले, "सर, नीट बोला. कशापायी ते सांगा."

सरांनी टेबलावरची पावतीपुस्तकं सारखी केली.

"बरं," फौजी म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी मीटर, सोल्डरिंग आयर्न आणि स्क्रू ड्रायव्हर पिशवीत भरले. लिनक्सची सीडी चार नंबरच्या मशीनवर तशीच ठेवली. माझ्याशी ते बोलले नाहीत. शिकवणी चालू होती म्हणूनही असेल.

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी फौजींच्या खोलीच्या मालकाला जाऊन सांगितलं ते द्वेषानं नाही. त्या मालकाच्या घरात लहान मुलं होती, त्याला सावध करणं आपलं कर्तव्य आहे असं त्यांना मनापासून वाटलं. मालकाची मेहुणी फौजींच्या शेजारच्याच गावात दिलेली होती. फौजी खोली सोडून गावी पोचायच्या आधी बातमी तिथं पोचली होती.

मला त्यांच्या गावी जायला ऑगस्ट उजाडला. दोन वेळा स्टँडवर जाऊन परत आलो होतो. तिसऱ्यांदा पेठ नाक्यावरून कराडला उतरलो, तिथून मलकापूर, पुढं पायी. घरी त्यांच्या भावानं मला ओसरीवरसुद्धा बसवलं नाही. "त्यो मळ्यात हाय," एवढं बोलून रस्ता दाखवला. विहिरीजवळ मोटारीची खोली होती, तिच्यात फौजी बाजेवर बसले होते. बाजूला ऊस डोक्याएवढा झाला होता, आत वारा येत नव्हता. मांडीची हाडं लुंगीतून वर आलेली दिसत होती. स्टार्टरच्या खाली ताटली, तांब्या आणि त्यांचा मीटर ठेवलेला होता.

"ये गड्या," ते म्हणाले. "बस. लांब बस पायजे तर."

मी बाजेवर त्यांच्याजवळ बसलो. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मुलीला मामाकडं पाठवली होती, शाळेत तिच्याजवळ कुणी बसत नव्हतं. बायको दोन्ही वेळा भाकरी घेऊन मळ्यात यायची. तिची चूल भावजयीनं वेगळी करून दिली होती.

मग मी म्हणालो, "फौजी, सरांना मी सांगितलं."

"म्हाईत हाय." ते मोटारीकडं बघत होते. "त्या कपाच्या दिवशीच कळलं. मशीनमधनं काडलंस व्हय?"

"हो. हिस्टरी असते त्यात. कुठलं पान कधी बघितलं ते राहतं."

"टायम बी?"

"टाइम पण."

"मला म्हाईत न्हवतं," ते म्हणाले. "पान बंद केलं की गेलं, आसं वाटायचं. पुसता येतंय का ते?"

"येतं." आणि मी त्यांना कुठल्या मेनूत जायचं, कुठलं बटण दाबायचं ते सांगायला लागलो. वर्गात सांगतो तसंच, पहिली पायरी, दुसरी पायरी. ते लक्ष देऊन ऐकत होते. सांगता सांगता मी थांबलो.

ते म्हणाले, "मला ईचारायचं हुतंस. मीच सांगितलं आस्तं तुला."

मी बाजेचा सुटलेला काथ्या परत खोचला.

"तुझं सोड. हिला सांगायचं हुतं मला. मिरजेचा कागद आला तवापासनं रोज ठरवत हुतो, ह्या शनिवारी सांगू, पुढच्या शनिवारी सांगू. आधी सगळं वाचून घ्यावं म्हनलं. तिनं काय ईचारलं तर उत्तर याया पायजे. मला बी झालंय का, पोरीला झालंय का, कुटनं आनलंस. दोन पानं उरली हुती वाचायची." त्यांना खोकला आला. मी पाणी दिलं. "तिला पान्याच्या टाकीवर कळलं. बायकांनी घागर बाजूला घेतली तिची, तवा."

थोड्या वेळानं त्यांची बायको आली. ठेंगणी, कपाळावर घामानं ओघळलेलं कुंकू. फडक्यात भाकरी, वर मिरचीचा ठेचा. फौजींनी माझी ओळख करून दिली, "सांगलीचा माजा दोस्त." ती एकदा माझ्याकडं बघून भाकरी वाढायला लागली. माझ्यापुढंही एक ठेवली. फौजींच्या ताटलीतला ठेचा घेऊन मी जेवलो. कपाच्या वेळी जे करायचं होतं ते आता करतोय, हे मला कळत होतं आणि त्याचा कुणाला उपयोग नाही हेही. निघताना फौजींनी विचारलं, चार नंबरवरचं लिनक्स चालतंय का. मी हो म्हणालो. सरांनी ते जुलैतच पुसलं होतं.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी ते वारले, मिरजेच्या दवाखान्यात. मला महिन्यानं कळलं. तोवर मी क्लास सोडून साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात लागलो होतो. लग्नपत्रिका, अर्ज, प्रतिज्ञापत्रं. दोन हजार साल लागताना सगळे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून लोक विचारायला यायचे, मी काहीतरी उत्तर द्यायचो. इंटरनेट त्या दुकानात नव्हतं, आणि मला नको होतं.

जानेवारीत एका दुपारी वहिनी, फौजींच्या पत्नी, दुकानात आल्या. माजी सैनिकांच्या मुलींच्या वसतिगृहासाठी अर्ज टाइप करून हवा होता. माजी सैनिकांच्या ऑफिसातल्या कुणीतरी आमचं दुकान दाखवलं होतं. कपाळ मोकळं होतं, आणि त्या इतक्या वाळल्या होत्या की पहिल्यांदा मी ओळखलं नाही. त्यांनी ओळखलं.

"तुमी सांगलीचं न्हवं? मळ्यात आल्ता."

"हो, वहिनी." दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "वहिनी, सरांना मीच..."

"म्हाईत हाय. त्येंनी सांगितलं हुतं." त्यांनी पिशवीतून कागद काढले. "आर्ज लिवा आदी. साडेतीनची एसटी हाय मला."

मी टाइप करायला लागलो. मुलीचं नाव, इयत्ता, वडिलांची पलटण, नोकरीची वर्षं. एका रकान्यात वडिलांच्या मृत्यूचं कारण विचारलं होतं. मी हात थांबवला आणि त्यांच्याकडं बघितलं.

"तुमीच सांगा, काय लिवनार?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पण त्यांनी नजर हलवली नाही.

"तुम्ही सांगाल ते."

"छातीचा आजार."

मी ते लिहिलं. मग विचारलं, "मुलीची तपासणी केली?"

"केली. तिला न्हाई." थोडं थांबून म्हणाल्या, "मला हाय. म्हनून तर तिला हितं ठेवायची. म्या हाय तवर तिची सोय लागाया पायजे."

प्रिंटरमधून कागद आला. बोट फिरवत, ओठ हलवत त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मुलीच्या नावात मी एक वेलांटी चुकवली होती. त्यांनी ती दाखवली. मी दुरुस्त करून परत छापून दिला, तेव्हा त्यांनी पुन्हा सगळा वाचला. पैसे नको म्हणालो तर त्यांनी ते कीबोर्डवर ठेवले आणि गेल्या.

त्या मुलीला वसतिगृहात जागा मिळाली का, ते मला माहीत नाही. ते ऑफिस दुकानापासून पाच मिनिटांवर होतं. जाऊन विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी. पण कुणाबद्दल असं काही जाऊन विचारायचं म्हटलं की तेव्हापासून माझे पाय उचलत नाहीत. पुढची तीन वर्षं मी त्याच दुकानात होतो. वहिनी परत आल्या नाहीत.